आठ स्क्रू आणि तुरीचा एक दाणा

तुरीचा दाणा दाढेखाली धरला की त्यात किती ओल आहे हे मला कळायचं. कळायचं म्हणजे नुसता अंदाज यायचा असं नव्हे. दहा टक्के, अकरा टक्के, साडेअकरा. अहमदपूरच्या मोंढ्यामागं, म्हणजे धान्याच्या बाजारामागं, माणिकप्पा शेटची दाल मिल आहे, तिथं तीस वर्षं मी हेच केलं. पोत्यातून मूठभर तूर काढायची, एक दाणा दाढेखाली ठेवायचा आणि दाबायचा. वाळलेला दाणा 'कट्ट' म्हणतो. ओला दाणा काही बोलत नाही, मुकाट चेपतो. मग मी आकडा सांगायचो आणि त्यावर मालाचा भाव ठरायचा. तोवर शेतकरी, आडत्या, हमाल, सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे. माणसाच्या तोंडाकडे इतक्या आदरानं बघतात ते एक तर मंगलाष्टकं म्हणणाऱ्याच्या, नाहीतर शिवमूर्तीअप्पाच्या. शिवमूर्तीअप्पा म्हणजे मीच.

दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. माणिकप्पांनी ओल मोजायचं मशीन आणलं, आणि माझे दात हलायला लागले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं डॉक्टर म्हणतात. मला अजून शंका आहे.

मशीन म्हणजे डबा. वरून तूर ओतायची, बटण दाबायचं, आकडा येतो. माणिकप्पा म्हणाले, "अप्पा, हे नुसतं तुमच्या जोडीला." जोडीला! तीस वर्षं संसार झालेल्या माणसाला जोडी म्हणजे काय ते कळतं. पहिल्या आठवड्यात मशीन साडेदहा म्हणायचं, मीही साडेदहा म्हणायचो, आणि लोक मशीनचं कौतुक करायचे.

दातांचं मात्र कौतुक करण्यासारखं उरलं नव्हतं. आधी हिरड्यांतून रक्त, मग दाढा झुलायला लागल्या. शेवटी एके दिवशी माझी बायको राजकन्या हिनं शेंगदाण्याचा लाडू पुढं केला आणि लाडवाबरोबर दातही परत आला. माझ्या सासऱ्यांनी मुलीचं नाव राजकन्या ठेवलं आणि स्वतः सुटले. हुकूम मला ऐकावे लागतात. ती म्हणाली, "उद्या नांदेड." आम्ही नांदेडला गेलो.

डॉक्टर बुद्धप्रिया सोनकांबळे माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझं तोंड उघडून आत बराच वेळ पाहिलं. एखादं घर विकत घ्यायला आलेला माणूस भिंतींवर टकटक करून बघतो, तसं.

"काका, दात वाईट नाहीत. पाया गेलाय. हाड खचलंय खालचं."

"कवळी?"

"कवळी बसेल. पण हाड झिजलंय, ती हलत राहील. पक्के हवे असतील तर वर चार, खाली चार, असे आठ स्क्रू हाडात बसवायचे आणि त्यांच्यावर दातांची अख्खी ओळ. काढायची नाही, धुवायला पेल्यात ठेवायची नाही."

मी जन्मातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला. "मॅडम, त्यानं तूर जमेल ना?"

"हो हो, न जमायला काय झालं? चार महिन्यांनी सगळं जमेल."

मी निश्चिंत झालो. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ या दोन वाक्यांत आहे, पण ते तेव्हा कळलं नाही. खर्चाचा आकडा ऐकून माझी उरलेली दाढ जागच्या जागी हलली. प्लॉटसाठी थोडे पैसे साठवले होते. राजकन्या म्हणाली, "प्लॉट घेऊन तरी काय चावणार होतो?" विषय संपला.

दिवाळीनंतर दात काढले, स्क्रू बसवले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्यावर तात्पुरत्या ओळी चढवल्या. मॅडमनी बजावलं, "हाडानं स्क्रूला घट्ट धरायला चार महिने लागतात. तोवर स्क्रू हलता कामा नये. हे दात दिसायला आहेत, चावायला नाहीत. नखानं तुटेल तेवढंच खायचं." आणि एक्स-रेची प्रत हातात दिली.

राजकन्येनं त्या एक्स-रेचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. का टाकला, ते विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. लोक नवीन गाडीचा टाकतात, तिनं जबड्याचा टाकला. दहा मिनिटांत गल्लीला शोध लागला की पुढचे स्क्रू सरळ आहेत आणि मागचे वाकडे. वर दोन वाकडे, खाली दोन वाकडे. कुणी म्हणालं, डॉक्टरचा हात हालला. कुणी म्हणालं, अप्पाचं डोकं हाललं असंल. संध्याकाळी शेजारचे जलीलभाई घरी आले. त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, जिने, पत्र्याची शेडं करतात. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आडवा केला.

"अप्पा, ये तो टेढे हैं! असा पाइप मी एखाद्याच्या गेटला लावला तर तो मला दारात उभा करणार न्हाई. अन् तुमच्या तं तोंडात लावला!"

त्यांच्या आई जन्नतबी ओट्यावर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं, तोंडात दात शून्य. त्या म्हणाल्या, "दाताँ होनाच कायकू बेटा? मेरेकू देख. बीस बरस से हिरड्यांवर बोटी खाती मैं." आणि खरंच खातात. तो माझा अपमान होता की सल्ला, हे मी अजून ठरवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जलीलभाई मला भांडायला नांदेडला घेऊन निघाले. भांडण माझं, पण पुढाकार त्यांचा. एसटीत वाटेतल्या लोहा गावापर्यंत त्यांनी तालीम केली. "पयले मैं शांती में बोलतो. मग आवाज चढवतो. तुम्ही फक्त तोंड उघडून दाखवा." मला ते काम सोपं वाटलं.

दवाखान्यात मात्र ते 'शांती में'च्या पुढं गेलेच नाहीत. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, टेबलावर दोन पेनं उभी धरली आणि त्यांवर पट्टी ठेवली. पट्टीचं एक टोक बाहेर लांब आलं होतं. त्या टोकावर बोट दाबलं. पट्टी उलटून जलीलभाईंच्या मांडीवर.

"मागच्या दाढा अशा अधांतरी राहतात भाई, छज्ज्यासारख्या. सगळ्यात जास्त जोर चावताना तिथंच येतो. छज्जा जेवढा लांब, तेवढा खांबावर ताण. मग खांब मागं न्यायचा ना? पण खाली मागं नस आहे, वर पोकळी आहे. तिथं स्क्रू जात नाही. म्हणून पाय पुढं रोवायचा आणि डोकं मागं झुकवायचं." त्यांनी एक पेन तिरकं धरलं, पट्टी पुन्हा ठेवली, टोक दाबलं. पट्टी जागची हलली नाही.

जलीलभाई खुर्चीतून अर्धे उठले. "आरे! ये तो कैची है! अप्पा, शेडला तिरपा पाइप देतो न्हाई का आपण? छत लटकू नाही म्हणून? वईच है ये!"

पुढचा पाऊण तास दोघं बोलत होते आणि मी तोंड उघडं ठेवून बसलो होतो, कारण मिटायला कुणी सांगितलंच नव्हतं. चारी खांब वरून एका ओळीनं बांधले की एकट्यावर भार येत नाही, या मॅडमच्या म्हणण्यावर जलीलभाईंनी टाळी दिली. मग दवाखान्याचं अडकणारं शटर त्यांनी तिथंच सरळ करून दिलं. निघताना मॅडम त्यांना म्हणाल्या, "काकांवर लक्ष ठेवा, भाई. चार महिने कडक काही नको."

झालं. भांडायला नेलेला माणूस डॉक्टरांचा पहारेकरी होऊन परत आला. हुरड्याचं बोलावणं आलं, जलीलभाईंनी परस्पर नकार कळवला. खारीक, चिवडा, ज्वारीची भाकरी, सगळं बंद. राजकन्या मला खिचडी देई. उरलेल्या खिचडीचं काय करायचं म्हणून परत खिचडी देई. अर्धापूरहून पाव्हण्यांनी केळीचा घड पाठवला, तो मी एकट्यानं संपवला. शेवटच्या दोन केळ्यांशी तर माझं बोलणंही बंद झालं होतं.

मिलमध्ये वेगळाच घोटाळा. माणिकप्पांनी फाटकावर चेहरा बघून हजेरी लावणारं यंत्र बसवलं होतं. नव्या दातांनी माझे गाल भरले होते, ओठ पुढं आले होते. यंत्र म्हणालं, 'ओळख पटली नाही.' मी हसलो, पटली नाही. तोंड पाडून पाहिलं, तरी नाही. मुनीमजी तीस वर्षांपासून माझ्या डब्यातलं लोणचं खातात, ते म्हणाले, "अप्पा, मी ओळखतो हो. पण सिस्टिमला कागद लागतो." मग मी अर्ज केला. अर्जाला फोटो जोडला, जुना आणि नवा. डॉक्टरांचा दाखला मागवला. त्यावर मुनीमजींनी शेरा मारला : 'सदर इसम हा पूर्वीचाच इसम असून केवळ दात बदललेले आहेत.' तो कागद मी जपून ठेवला आहे. मी मीच असल्याचा माझ्याकडं तेवढाच लेखी पुरावा आहे.

जानेवारीत तुरीची आवक सुरू झाली. फाटकाबाहेर टेम्पोंची रांग, धूळ, पोत्यांचा वास. आणि मी खुर्चीत, तोंड मिटून. माल आला की माणिकप्पा मशीनमध्ये तूर ओतत आणि आकडा मोठ्यानं वाचत. पहिले काही दिवस लोक सवयीनं माझ्याकडे बघायचे. मग बघेनासे झाले. एक जुना आडत्या जाता जाता म्हणाला, "अप्पा, आता आराम करा." त्यानं चांगल्या मनानंच म्हटलं होतं. चांगल्या मनानं म्हटलेलं जास्त लागतं.

त्याच दुपारी उदगीरकडच्या एका मालावरून वाद झाला. मशीन बारा म्हणत होतं, शेतकरी दहा म्हणत होता. कुणीतरी म्हणालं, "अप्पाला विचारा की." माझ्या कानात ते शब्द सनईसारखे वाजले. डॉक्टर, राजकन्या, जलीलभाई, जन्नतबी, सगळे एकदम आठवले आणि एकदमच विसरले. मी दाणा उचलला, पार मागच्या दाढेखाली ठेवला आणि दाबला. काही कळेना. आणखी दाबला. तरी कळेना. मग तीस वर्षांची पुण्याई लावून दाबला.

'कट्ट!'

"दहा!" मी ओरडलो.

मग जिभेला काहीतरी खरखरीत लागलं. तळहातावर घेऊन पाहिलं. खालच्या ओळीचा उजवीकडचा शेवटचा तुकडा होता, दोन दाढांचा. शेजारी तुरीचा दाणा. अख्खा. त्याच्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

दोन दिवस मी घरी कुणाशी बोललो नाही. राजकन्याही बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्यासारखी दुसरी धोक्याची खूण नाही. तिसऱ्या दिवशी तिनं तो तुकडा हळदी-कुंकवाच्या रिकाम्या डबीत घातला, डबी माझ्या खिशात घातली आणि मला एसटीत घातलं.

मॅडम रागावल्या नाहीत. आधी एकेक स्क्रू तपासला. "वाचलात. छज्जाच तुटला, खांब शाबूत आहेत. काय चावलंत?"

"तूर."

"वरणात खडा होता?"

"वरण कुठलं मॅडम? कच्ची तूर." मग मी सगळं सांगितलं. मिल, मशीन, तीस वर्षं, कट्ट. "मी तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तूर जमेल ना म्हणून."

मॅडमनी डोक्याला हात लावला. "काका, मला वाटलं तुम्ही वरणाचं विचारताय!"

मग त्यांनी ड्रॉवरमधून कार्बनसारखा एक पातळ कागद काढला. "डोळे मिटा. मी डावीकडं कागद ठेवीन किंवा ठेवणार नाही. चावा आणि सांगा."

मी तीनदा चावलो. तिन्ही वेळा ठामपणे सांगितलं, "आहे."

"एकदाही नव्हता, काका."

त्यांनी स्टूल जवळ ओढलं. "खऱ्या दाताच्या मुळाभोवती केसाएवढी जाड गादी असते. दात तिच्यावर किंचित दबतो आणि त्या गादीतल्या नसा सांगतात, किती जोर पडला, काय आलंय, कडक की मऊ. तुम्ही ओल ओळखत होता ती त्या गादीनं. दात काढले तेव्हा ती गेली. स्क्रू थेट हाडात आहे. हाड भार सोसतं, पण तसं बारीक सांगत नाही. म्हणून तर तुम्हाला कळलं नाही की आपण किती जोरात चावतोय."

"परत येईल?"

"काहींना हळूहळू हाडातून थोडं कळायला लागतं. पण पहिल्यासारखं नाही. खोटं आश्वासन देत नाही मी." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही नीट सांगितलं असतं तरी दात काढावेच लागले असते, काका. पण मी तुम्हाला आधी सावध केलं असतं. माझं ऐकायचं चुकलं."

एवढ्या शिकलेल्या माणसानं 'माझं चुकलं' म्हटलेलं मी नांदेड-लातूर पट्ट्यात पहिल्यांदाच ऐकलं. मी म्हणालो, "नाही मॅडम, माझंच. मी वरणाचा माणूस दिसतो, त्याला तुम्ही काय करणार?" त्यांनी तुटका भाग घासून छज्जा आखूड केला आणि मला पुन्हा खिचडीकडं पाठवलं.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मिलमध्ये मी परत दाणा चावायला लागलो. म्हणजे तोंडात धरायचो, डोळे मिटायचो, आणि माणिकप्पांनी वाचायच्या आत पापणीच्या फटीतून मशीनचा आकडा बघायचो. मशीनचं तोंड माणिकप्पांकडं, त्यामुळं आकडा मला उलटा दिसायचा. उलटं वाचायला मी पंधरा दिवसांत शिकलो. लोक पुन्हा म्हणायला लागले, "अप्पा म्हंजे अप्पा! मशीनशी बरोबर जुळतं!" एकदाच चुकलो. नऊचे सहा वाचले.

"सहा?" माणिकप्पा म्हणाले. "अप्पा, तूर हाय का खडे?"

एप्रिलमध्ये पक्के दात बसले. देखणे, गुळगुळीत, एका रंगाचे. मॅडम म्हणाल्या, आता भाकरी खा, ऊस नको, आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला या. घरी राजकन्येनं ज्वारीची भाकरी आणि खर्डा वाढला आणि मी खाईस्तोवर समोरून हलली नाही. जलीलभाई दारात उभे राहून म्हणाले, "हळू, अप्पा, कैचीवर लोड येतोय." मी तीन भाकरी खाल्ल्या.

आठवड्यानं मिलवर लोह्याकडच्या एका खेड्यातून टेम्पो आला. मालाबरोबर रुक्मिणबाई होत्या. साठीच्या, मिश्रीनं काळे झालेले दात, पदर खोचलेला. भाव चढेल म्हणून त्यांनी तूर घरात धरून ठेवली होती. माणिकप्पांनी कडेच्या पोत्यातली मूठ मशीनमध्ये ओतली. "साडेचौदा. बाई, माल लई ओला हाय. भाव कापून घ्यावा लागंल."

"चैतातल्या उन्हात वाळवली म्या! चौदा कुठून येईल?" बाई माझ्याकडं वळल्या. "अप्पा, तुम्ही बगा. माझे मालक सांगायचे, मोंढ्यात एक माणूस हाय, दातानं खरं सांगतो."

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी दाणा ठेवला, हलकेच दाबला. हाडात कुठंतरी 'टक्' झालं. पण ते नऊचं टक् की चौदाचं, देव जाणे. आकडा समोर होताच, उलटा. साडेचौदा म्हटलं असतं तर माणिकप्पा खूश, नऊ म्हटलं असतं तर बाई. दोन्ही आकडे जिभेवर आले. आणि बाई एवढ्या विश्वासानं बघत होत्या की दोन्ही मागं गेले.

"मला कळत नाही," मी म्हणालो.

माणिकप्पांनी मशीनवरून मान वर केली. मी म्हणालो, "शेट, खरं सांगतो. जानेवारीपासून मला काही कळत नाही. मी तुमचा आकडा चोरून वाचत होतो. माझे दात गेले, त्यांच्याबरोबर ते गेलं." मग बाईंकडं वळून म्हटलं, "मावशी, तुमचे दात तुमचेच हाईत ना? तुम्हीच चावा."

"मी? माझाच माल?"

"तुमचाच. मी ऐकतो."

त्यांनी कडेच्या पोत्यातला दाणा चावला. कपाळाला आठ्या. दुसऱ्या पोत्यातला चावला. 'कट्ट', मला तीन हातांवरून ऐकू आलं. तिसऱ्यातला. 'कट्ट.' मग परत पहिल्यातला. आणि खाली बघत म्हणाल्या, "ह्या एकाच पोत्याचा दाणा नरम हाय. येताना प्यायच्या पान्याची घागर लवंडली वाटतं ह्याच्यावर. बाकीचं बगा, दगडावानी हाय."

माणिकप्पांनी बाकीच्या पोत्यांतली तूर मशीनमध्ये टाकली. नऊ. साडेनऊ. नऊ. ते मशीन बंद करून माझ्याकडं वळले. मला वाटलं, संपली नोकरी. ते म्हणाले, "अप्पा, सहाच्या दिवशीच मला शंका आली होती." आणि हमालाला सांगितलं, "ते भिजलेलं पोतं उन्हात पसर. बाकीचा माल पुऱ्या भावानं घे. अन् अप्पा, उद्यापासून माल उतरला की आधी ज्याचा त्यालाच चावायला लावा. कोण खरं बोलतो ते तोंडावरून वळखायचं काम तुमचं."

रुक्मिणबाई आता निवांत झाल्या होत्या. माझ्याजवळ येऊन त्यांनी माझं तोंड निरखलं.

"तुमचे दात लई गोजिरे दिसून राहिले, अप्पा. कुठं बसवले?"

"नांदेडला."

"कितीला पडले?"

मी सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"आगं आई! दोन बैलजोड्या आल्या असत्या की!" मग हातातल्या दाण्याकडं बघितलं, माझ्या दातांकडं बघितलं, आणि कमरेवर हात ठेवला. "दोन बैलजोड्यांचे दात तोंडात घातले, अन् चावायला मला लावलं व्हय!"

हमालांच्या हातून पोतं सुटलं, इतके ते हसले. माणिकप्पा हसले. मीही हसलो, वरची ओळ, खालची ओळ, सगळं दाखवून. तोवर मागच्या टेम्पोतलं पहिलं पोतं उतरलं होतं, आणि ते दुसऱ्याचं असूनही, बाई दाणा घ्यायला हात पुढं करून उभ्या होत्या.